सागराचे रखवालदार : सरखेल कान्होजी आंग्रे

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर जामखेड शोधा. बालाघाटच्या डोंगररांगेत, विंचरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव समुद्रापासून खूप दूर आहे. इथल्या माणसाचे लक्ष पावसाकडे आणि विहिरीच्या पाण्याकडे लागलेले असते. भरती आणि ओहोटी हे शब्द त्याने बहुधा पुस्तकातच वाचलेले असतात. परंतु जामखेड तालुक्यातील खर्ड्याचा किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची भक्कम दगडी तटबंदी आणि उंच बुरूज आठवा. आता अशी कल्पना करा, की असाच एक किल्ला आहे. पण त्याच्या चारही बाजूंना खारे पाणी आहे. शत्रू घोड्यांवरून येत नाही, तोफा लादलेल्या जहाजांतून येतो. रसद बैलगाडीने येत नाही, होडीने येते. अशा किल्ल्यांच्या बळावर एका मराठी सेनानीने तीस वर्षे कोकणचा किनारा राखला. त्याच्याशी लढताना इंग्रज थकले, पोर्तुगीज थकले, डचही थकले. त्या सेनानीचे नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

सरखेल हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो फारसीतून आला आहे. उर्दूतही सरखैल म्हणजे टोळीचा किंवा दलाचा प्रमुख. मराठ्यांच्या राज्यात हा किताब आरमाराच्या प्रमुखाला मिळत असे. दर्या हा शब्दही असाच तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत दर्या म्हणजे नदी. मराठीत मात्र दर्या म्हणजे समुद्र. गोलंदाज, किल्लेदार, तोफ हे शब्दही दोन्ही भाषांत चालतात. आरमार हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. समुद्रावर अनेक देशांची माणसे एकमेकांना भेटतात, लढतात, व्यापार करतात. त्यांचे शब्दही असेच एकमेकांत मिसळून जातात.

कान्होजींची गोष्ट समजून घ्यायची, तर थोडे मागे जावे लागेल. सतराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर अनेक सत्ता होत्या. गोवा, वसई आणि चौल येथे पोर्तुगीज होते. मुंबईची बेटे १६६८ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. जंजिऱ्याचा बळकट किल्ला सिद्दींकडे होता. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतून आलेले, समुद्रावर वावरण्यात अत्यंत तरबेज असे लोक. ज्याच्याजवळ जहाजे नाहीत त्याचा किनारा दुसऱ्याच्या हाती जातो, हे छत्रपती शिवाजी महाराजांनी ओळखले. त्यांनी स्वतःचे आरमार उभारले. १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला सुरुवात केली. इंग्रजांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या वेळी बेटावर ठाण मांडून राहिलेले मायनाक भंडारी आणि आरमार घेऊन मदतीला धावलेले दौलतखान या दोघांनी तो विरोध मोडून काढला. मराठ्यांच्या आरमारात असे निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक खांद्याला खांदा लावून लढत होते.

याच काळात कान्होजींचा जन्म झाला. त्यांचे जन्मसाल १६६९ मानतात. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे भागातील आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे म्हणू लागले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत सुवर्णदुर्ग किल्ल्यावर होते. हा किल्ला हर्णैजवळ समुद्रात आहे. किल्ल्याच्या तटावर खेळतच कान्होजी लहानाचे मोठे झाले. वारा कोणत्या महिन्यात कोठून वाहतो, ओहोटीला कोणता खडक उघडा पडतो, कोणत्या खाडीत मोठे जहाज शिरू शकत नाही, हे सारे त्यांना कोळ्यांच्या आणि खलाशांच्या सहवासात आपोआप समजत गेले. हीच त्यांची शाळा होती.

कान्होजी तरुण झाले तेव्हा मराठी राज्यावर मोठे संकट कोसळले होते. बादशहा औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत उतरला होता. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच वर्षी राजधानी रायगडही पडला. छत्रपती राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीला जावे लागले. कोकणात सिद्दी मोगलांच्या बाजूने लढत होते. एकामागून एक ठाणी जात होती. अशा वेळी सुवर्णदुर्गाला वेढा पडला. किल्लेदार किल्ला शत्रूच्या स्वाधीन करण्याच्या विचारात होता. तेव्हा तरुण कान्होजींनी सहकाऱ्यांना हाताशी धरून किल्ल्याचा ताबा घेतला आणि किल्ला लढवला, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. सुवर्णदुर्ग वाचला आणि कान्होजींचे नाव किनाऱ्यावर सर्वांच्या तोंडी झाले.

मराठी आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर १६९८ मध्ये वारले. त्यांच्यामागे आरमाराची जबाबदारी कान्होजींकडे आली. त्यांना सरखेल हा किताब मिळाला. त्यांनी अलिबागजवळचा कुलाबा किल्ला आपले मुख्य ठाणे केले. उत्तरेला खांदेरी आणि कुलाबा, मध्ये सुवर्णदुर्ग, दक्षिणेला विजयदुर्ग अशी किल्ल्यांची साखळीच त्यांच्या हाती होती. एका किल्ल्यावरून निघालेले जहाज अडचणीत आले, तर जवळच्या दुसऱ्या किल्ल्याचा किंवा खाडीचा आसरा त्याला मिळत असे.

कान्होजींची जहाजे कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकारची जहाजे होती. एक गुराब आणि दुसरे गलबत. अरबी भाषेत गुराब म्हणजे कावळा. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तिचे नाळ म्हणजे पुढचे टोक लांब व निमुळते असे आणि तेथे मोठ्या तोफा बसवलेल्या असत. गलबत आकाराने लहान व हलके असे. त्याला शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला म्हणजे इंग्रजांची अवजड जहाजे समुद्रात जागच्या जागी उभी राहत. अशा वेळी वल्ह्यांवर चालणारी गलबते गुराबांना दोरांनी ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेत. त्या काळी जहाजाच्या तोफा बहुतेक दोन्ही कुशींना असत; मागे थोड्या असत. तेथूनच मराठ्यांच्या गुराबा मारा करीत. शत्रूची शिडे आणि डोलकाठ्या मोडल्या, की गलबतांतले सैनिक तलवारी घेऊन जहाजावर चढत. पाठलाग झालाच, तर ही उथळ तळाची जहाजे चटकन खाडीत शिरत. तेथे मोठ्या जहाजांना जाता येत नसे. आपली साधने लहान आहेत, याचे दुःख करीत न बसता कान्होजींनी त्या लहानपणाचाच फायदा करून घेतला.

पावसाळ्यात समुद्र खवळतो. तेव्हा जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवीत. त्यांची डागडुजी करीत, नवी जहाजे बांधीत. विजयदुर्गजवळच्या वाघोटन खाडीत अशा कामासाठी सुरक्षित जागा होती. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला, की आरमार पुन्हा पाण्यात उतरे. या आरमारात कोळी होते, भंडारी होते, मुसलमान खलाशी होते आणि काही युरोपीय गोलंदाजही होते. ज्याच्या अंगी समुद्राची विद्या आहे, त्याला तेथे जागा होती.

आता प्रश्न असा, की इंग्रजांशी कान्होजींचे भांडण कशावरून होते? ते भांडण एका कागदावरून होते. त्या कागदाला दस्तक म्हणत. दस्तक म्हणजे समुद्रातून जाण्याचा परवाना. पोर्तुगीज हे शंभराहून अधिक वर्षे हिंदी महासागरातील व्यापाऱ्यांना असे परवाने घ्यायला लावत होते. ज्याच्याजवळ त्यांचा परवाना नसेल त्याचे जहाज ते धरीत. कान्होजींनी हाच नियम मराठ्यांच्या किनाऱ्याला लावला. हा समुद्र छत्रपतींच्या राज्याचा आहे. येथून व्यापारी जहाज न्यायचे असेल, तर सरखेलांचे दस्तक घ्यावे आणि त्याची रक्कम भरावी, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्याजवळ दस्तक असे त्यांच्या जहाजांना आंग्र्यांच्या गुराबा हात लावीत नसत. पण इंग्रजांना हे मान्य नव्हते. समुद्रात आपण कोणाचाही परवाना घेणार नाही, असा त्यांचा हट्ट होता. मग कान्होजींची माणसे त्यांची जहाजे पकडू लागली. इंग्रजांनी त्यांना चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू, ठरवले. इंग्रजांच्या कितीतरी पुस्तकांत पुढे दीर्घकाळ हेच लिहिले गेले.

मुलांनो, येथे थोडे थांबून विचार करा. परक्या देशातून आलेल्या पोर्तुगिजांनी परवाना मागितला, तर तो कायदा. आणि या किनाऱ्यावरच जन्मलेल्या, छत्रपतींनी नेमलेल्या अधिकाऱ्याने तोच मागितला, तर ती चोरी! इतिहास वाचताना तो कोणी लिहिला आहे हे पाहायचे असते, ते यासाठीच. कान्होजींच्या लढायांत माणसे मारली गेली, कैद्यांना सोडण्यासाठी पैसे घेतले गेले, हेही खरे आहे. त्या काळच्या सर्वच आरमारांची ती रीत होती.

अशीच एक घटना १७१२ च्या नोव्हेंबर महिन्यात घडली. मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचे एक सशस्त्र जहाज कारवारकडे निघाले होते. कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख आपल्या पत्नीसह त्यात होता. कान्होजींच्या जहाजांनी ते गाठले. लढाईत तो अधिकारी मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. पुढे १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिला मुंबईला परत पाठवण्यात आले. खुद्द गव्हर्नरचे जहाज धरले गेल्यामुळे मुंबईत मोठी खळबळ माजली. अखेर इंग्रजांनी कान्होजींशी तह केला. तो फार दिवस टिकला नाही.

याच सुमारास कान्होजींसमोर आयुष्यातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. १७०७ मध्ये औरंगजेब बादशहाचा मृत्यू झाला. तो तुमच्याच जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर येथे झाला. त्यानंतर मोगलांनी शाहू महाराजांना कैदेतून सोडले. मराठी राज्यात दोन पक्ष पडले. एका बाजूला महाराणी ताराबाई आणि दुसऱ्या बाजूला शाहू महाराज. कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. पडत्या काळात त्यांनीच राज्य सांभाळले होते. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवले. कान्होजींनी त्यांचा पराभव करून त्यांना कैद केले. लोहगडही घेतला. साताऱ्यावरच चालून जाण्याची त्यांची तयारी होती.

तेव्हा शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवे नेमले आणि कान्होजींकडे पाठवले. बाळाजी विश्वनाथ हे कोकणातील श्रीवर्धनचे. किनाऱ्याची परिस्थिती ते जाणत होते. त्यांनी तलवारीऐवजी बोलण्याचा मार्ग धरला. आपण आपसांत लढत राहिलो, तर सिद्दी, इंग्रज आणि पोर्तुगीज किनारा वाटून घेतील, ही गोष्ट दोघांनाही उमगली. कान्होजींनी जुना पक्ष सोडून शाहू महाराजांना मानले आणि बहिरोपंतांना मुक्त केले. शाहू महाराजांनी त्यांचे सरखेलपद कायम केले आणि त्यांच्याकडे दहा किल्ले व सोळा लहान ठाणी ठेवली. एका तहाने घरातील युद्ध थांबले. जिंकत असताना हात आवरायला मोठे मन लागते. ते कान्होजींजवळ होते.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला. आंग्र्यांचे आरमार नष्ट करायचे, असा त्याने जणू विडाच उचलला. त्याने मुंबईभोवतीचा तट पूर्ण केला, नवी लढाऊ जहाजे बांधली. १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तो फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. तोही फसला. १७२० मध्ये त्यांनी एक तरंगता तोफखाना तयार केला. जाड लाकडी भिंतींचे ते सपाट तळाचे विचित्र जहाज होते. त्याला घेऊन ते पुन्हा विजयदुर्गावर गेले. तरीही किल्ला उभाच राहिला. मुंबईत तर भीती आणि संशय इतका वाढला, की रामा कामाठी नावाच्या एका प्रतिष्ठित नागरिकाने आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केला, असा आरोप ठेवून इंग्रजांनी त्याला जन्माची कैद दिली. तो कैदेतच मरण पावला. त्याच्याविरुद्धचा पुरावा बनावट होता, हे मागाहून उघड झाले. युद्धात तोफगोळ्यांप्रमाणे संशयही निरपराध माणसांचा बळी घेतो.

एकट्याने काम होत नाही, असे पाहून इंग्रजांनी पोर्तुगिजांशी हातमिळवणी केली. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज मुंबईला आला. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः मोहिमेवर निघाला. दोघांचे मिळून सुमारे सहा हजार सैन्य १७२१ च्या डिसेंबरात अलिबागजवळ उतरले. लक्ष्य होते कुलाबा. हा किल्ला पडला असता, तर सारा उत्तर किनारा परक्यांच्या हाती गेला असता.

कान्होजींनी शाहू महाराजांकडे मदत मागितली. आठ वर्षांपूर्वी केलेला तह आता कामी आला. पिलाजी जाधव आणि तरुण पेशवे बाजीराव घोडदळ घेऊन घाट उतरून आले. इंग्रज सैनिक शिड्या लावून किल्ल्याच्या तटावर चढू लागले, तेव्हा आतल्या लोकांनी त्यांना मागे रेटले. बाहेर मराठी घोडदळाने पोर्तुगिजांच्या फळीवर झडप घातली. त्यांची फळी फुटली. ते पळू लागताच इंग्रजांचाही धीर सुटला. तोफा आणि सामान टाकून त्यांना माघार घ्यावी लागली. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला. इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांना दोष देत परतले. गव्हर्नर बूनही त्याच महिन्यात मायदेशी निघून गेला. जाताना आंग्र्यांचे आरमार जसेच्या तसे समुद्रावर फिरत होते. पुढे १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर आरमार आणले. त्यांनाही हात हलवत परत जावे लागले.

कान्होजी केवळ लढवय्ये नव्हते. आरमार चालवायला पैसा लागतो, साग लागतो, दोर आणि शिडाचे कापड लागते, शिकलेले हात लागतात. हे सारे मिळवण्यासाठी किनाऱ्यावर शांतता आणि व्यापार हवा, हे ते जाणून होते. त्यांनी अलिबागला हिराकोट बांधला. आज जे अलिबाग शहर दिसते त्याची भरभराट आंग्र्यांच्या काळात झाली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून समुद्रावरची सत्ता कोणालाही हिसकावून घेता आली नव्हती.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्यांच्यामागून थोरले पुत्र सेखोजी सरखेल झाले. ते १७३३ मध्ये वारले आणि भावाभावांत भांडणे सुरू झाली. संभाजी विजयदुर्गला आणि मानाजी कुलाब्याला, असे आरमाराचे दोन तुकडे झाले. संभाजीनंतर आलेल्या तुळाजींचे पेशव्यांशी पटले नाही. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजींवर मोहीम काढली. फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला. त्या वेळी बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. ज्या गुराबा परक्यांना बुडवता आल्या नाहीत, त्या घरच्या भांडणामुळे बुडाल्या. कुलाब्याचे आंग्र्यांचे संस्थानही १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १७१३ मध्ये कान्होजी आणि बाळाजी विश्वनाथ यांनी एकमेकांशी बोलून जे साधले होते, ते पुढच्या पिढीला साधले नाही.

स्वतंत्र भारताने मात्र या सागरवीराची आठवण ठेवली. मुंबईतील भारतीय नौदलाच्या किनाऱ्यावरील तळाला १९५१ मध्ये आंग्रे हे नाव देण्यात आले. १९९९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. खांदेरी बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले आहे. त्या बेटावर दीपस्तंभ आहे आणि तो रात्री ये-जा करणाऱ्या जहाजांना वाट दाखवतो. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत.

आज आपल्या समुद्राचे रक्षण नौदल करते. त्याच्या जोडीला भारतीय तटरक्षक दलही आहे. हे दल १९७७ मध्ये उभे राहिले आणि १९७८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवणे, चोरटा व्यापार रोखणे, परवान्याशिवाय आपल्या समुद्रात मासेमारी करणारी परकी जहाजे पकडणे ही त्याची कामे आहेत. आपल्या पाण्यात यायचे, तर परवाना हवा, हाच कान्होजींचा आग्रह होता. त्या काळी इंग्रजांनी त्यालाच चाचेगिरी म्हटले.

मुलांनो, कधी अलिबागला जाण्याचा योग आला, तर ओहोटीची वेळ विचारून घ्या. पाणी ओसरले म्हणजे कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. आत गणपतीचे देऊळ आहे, हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा आहे आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीरही आहे. ती आवर्जून पाहा. दुष्काळी भागात राहणाऱ्या तुम्हांला त्या विहिरीचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. वेढ्याच्या दिवसांत त्याच पाण्यावर किल्ला तग धरत होता. भरती येण्यापूर्वी मात्र परत फिरा. समुद्र कोणासाठी थांबत नाही, हा कान्होजींचा पहिला धडा होता.